संयोजी ऊती : शरीरातील बांधकाम आणि त्याची दुरुस्ती

उच्च प्राथमिक वर्गांत शरीरशास्त्राचा पाठ घेताना पेशी, ऊती, इंद्रिये व इंद्रियसंस्था असा क्रम आपण लावून देतो. एकाच प्रकारचे कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती, ही व्याख्या मुले लवकर पाठ करतात. मग ऊतींचे चार प्रकार फळ्यावर येतात : शरीराला आतून-बाहेरून आच्छादणाऱ्या अभिस्तर ऊती, आकुंचन पावणाऱ्या स्नायू ऊती, संदेशांची ने-आण करणाऱ्या चेता ऊती आणि जोडकाम करणाऱ्या संयोजी ऊती. पहिल्या तिहींचे कार्य एकेका वाक्यात सांगून होते. चौथीशी आल्यावर मात्र पाठ अडखळतो. हाड, कानातील मऊ हाड, चरबी, टाचेमागची दोरी आणि रक्त ही सगळी एकाच नावाखाली कशी, असा प्रश्न वर्गातील एखादे चौकस मूल विचारतेच. आणि पुस्तकात तसे दिले आहे, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

हा भाग शिक्षकाने नीट समजून घ्यावा, याला परीक्षेपलीकडचेही एक कारण आहे. खो-खोच्या मैदानावर मुरगळलेला घोटा, चिंचेच्या झाडावरून पडून दुखावलेले कोपर, पिरगळलेला कान, सुजलेली हिरडी या सर्वांत इजा पोचते ती मुख्यतः संयोजी ऊतींना. मूल दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्याजवळ असतो तो शिक्षकच. त्या पहिल्या तासाभरात काय करावे व काय कटाक्षाने टाळावे, हे कोणत्या ऊतीला इजा झाली आहे यावर ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात प्रकारांची मोजदाद थोडक्यात उरकून, प्रत्येक ऊती कशाने बनली आहे आणि दुखावली असता कशी सांधते, या प्रश्नाकडे अधिक लक्ष दिले आहे.

आरंभ कुडाच्या भिंतीपासून करावा. खेड्यातील मुलांना ती परिचित असते. काड्यांचा कूड उभा करतात व त्यावर दोन्ही बाजूंनी शेणामातीचा गिलावा देतात. नुसत्या काड्या वाऱ्याने हलतील, नुसती माती वाळली की तडकून पडेल; दोन्ही मिळून भिंत उभी राहते. संयोजी ऊतीची रचना नेमकी अशी आहे. अभिस्तर किंवा स्नायू ऊतींत पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, मधे जागा जवळजवळ नसते. संयोजी ऊतीत पेशी विरळ असतात आणि त्यांच्यामधील विस्तृत जागा एका द्रव्याने भरलेली असते. या द्रव्यास आधारक म्हणतात. आधारकात काड्यांच्या जागी तंतू असतात व मातीच्या जागी तंतूंमधील भरण असते. भिंतीच्या दाखल्यात एकच गोष्ट बसत नाही, ती मुलांना मुद्दाम सांगावी : ही भिंत बांधणारे गवंडी काम संपवून घरी जात नाहीत. ज्या पेशींनी आधारक निर्माण केला त्या त्याच्यातच राहतात, जुने काढीत व नवे घालीत असतात.

एवढे मनात ठसले की प्रकार आपोआप उलगडतात. ऊतीचा गुण आधारकावर अवलंबून असतो. आधारक पातळ लापशीसारखा व तंतू सैल विणलेले असले तर विरल ऊती होते. तंतूंची घट्ट, समांतर जुडी झाली की दोरीसारखी कंडरा तयार होते. आधारक घट्ट पण लवचीक झाला की कास्थी, चुन्याच्या क्षारांनी कठीण झाला की अस्थी, आणि पूर्ण प्रवाही राहिला की रक्त व लसिका. तंतूंतही भेद आहे. पांढरे कोलॅजन तंतू ताण सहन करतात, पण फारसे लांबत नाहीत. पिवळसर इलॅस्टिन तंतू रबरासारखे ताणून पूर्ववत होतात. प्लीहा, यकृत व लसिकाग्रंथी यांत तिसऱ्या प्रकारच्या अतिसूक्ष्म तंतूंची जाळी असते. प्राथमिक वर्गांत तिचा उल्लेख केला नाही तरी चालेल.

रक्ताविषयी मुले शंका घेतात ती रास्त आहे. रक्तातही पेशी आहेत व त्यांच्यामधे पेशीबाह्य द्रव्य आहे. आकारमानाने रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग हा रक्तद्रव असतो व बाकीच्या पेशी. या आधारकात तंतू कोठे आहेत, असे मुलांनी विचारावे अशी अपेक्षाच ठेवावी. ते विरघळलेल्या स्थितीत असतात. बोट कापले की रक्तद्रवातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिन नावाचे तंतू बनतात, त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. शिवाय गर्भावस्थेत हाड, कास्थी, चरबी व रक्त या सर्वांचे मूळ एकाच गर्भस्तराकडे, मुख्यतः मध्यस्तराकडे जाते. आणि जन्मानंतर रक्तपेशी तयार होतात त्याही हाडांच्या पोकळीतील लाल मज्जेत. तेव्हा रक्त आणि हाड यांचे नाते नुसते पुस्तकी नाही. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, म्हणजे या कारखान्याला सुट्टी नसते.

विरल ऊती दाखवण्यास साहित्य लागत नाही. प्रत्येक मुलाने डाव्या हाताच्या पाठीवरील कातडी उजव्या हाताच्या चिमटीत धरून उचलावी व सोडावी. कातडी स्नायूंवरून सरकते, कारण दोहोंमधे ही सैल ऊती आहे. आणि सोडताच जागेवर जाते, कारण तिच्यात व त्वचेत लवचीक तंतू आहेत. हीच कृती आजी-आजोबांच्या हातावर, त्यांची परवानगी घेऊन, घरी करून पाहण्यास सांगावे. त्यांची कातडी हळू परतते, कारण वयोमानाने हे तंतू झिजतात. मुका मार लागला असता जी सूज येते ती याच जागेत पाणी भरल्यामुळे. मेद-ऊती ही या ऊतीचीच बहीण. तिच्या पेशींत चरबीचा एकेक मोठा थेंब असतो. तळपाय, मूत्रपिंडांभोवतालची जागा व नेत्रगोलाच्या मागची खोबण येथे ती गादीचे काम करते, त्वचेखाली गोधडीचे, आणि उपासमारीत कोठाराचे. चरबी म्हणजे केवळ लठ्ठपणा, असा जो समज मुलांत पसरतो तो येथे दूर करावा.

आता कानाकडे वळू. या पाठासाठी इतके सोयीचे दुसरे उपकरण नाही. मुलांना कानाची वरची पाळ दुमडून सोडण्यास सांगावे. ती लगेच उसळून पूर्वस्थितीत येते. मग खालची, डूल घालण्याची पाळी दाबून पाहण्यास सांगावे. ती नुसतीच मऊ लागते. वरच्या भागात लवचीक कास्थी आहे, खालच्या पाळीत कास्थी मुळीच नाही. तेथे त्वचेत विरल व मेद-ऊती आहे. नाकाच्या शेंड्याशी हात लावला की तिसरा अनुभव येतो. ती काचेसारखी दिसणारी, अधिक ताठ कास्थी. श्वासनलिकेच्या कड्या त्याच कास्थीच्या असतात आणि त्या मागच्या बाजूला, म्हणजे अन्ननलिकेकडे, उघड्या असतात. कास्थीचा तंतुमय प्रकार पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांत असतो. दिवसभर शरीराचा भार पडून या चकत्या किंचित दबतात व रात्रीच्या झोपेत पुन्हा फुगतात. सकाळी उठल्याबरोबर भिंतीवर उंचीची खूण केली व रात्री निजण्यापूर्वी पुन्हा केली, तर प्रौढ माणसाच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक आढळतो. हा गृहपाठ मुले आनंदाने करतात. मोजताना पुस्तक डोक्यावर आडवे ठेवावे व टाचा भिंतीला टेकलेल्या असाव्यात.

कास्थीची एक मोठी उणीव आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने या पाठातील ती सर्वांत महत्त्वाची बाब आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. कानाच्या कास्थीला पोषण मिळते ते तिच्यावर घट्ट चिकटलेल्या पातळ आवरणातून, झिरपत झिरपत. कानावर जोराचा आघात झाला किंवा कान जबरदस्तीने घासला अथवा पिळला गेला, तर आवरण कास्थीपासून सुटते व मधल्या जागेत रक्त साचते. हे रक्त वेळेवर काढले नाही तर खालच्या कास्थीचे पोषण तुटून ती मरते, आणि तिच्या जागी वेडावाकडा तंतुमय गोळा तयार होतो. याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही. जत्रेच्या फडात उतरणाऱ्या जुन्या पैलवानांचे कान पाहावेत. कोल्हापूर-सांगलीकडे तर मोडलेला कान ही पैलवानकीची निशाणीच समजतात. पैलवानाने ती स्वखुशीने मिळवलेली असते, त्याबद्दल आपले म्हणणे नाही.

वर्गातील मुलाची गोष्ट निराळी. कान पिरगळणे ही शिक्षा आपल्याकडे इतकी जुनी व इतकी किरकोळ मानली गेली की ती इजा आहे असे कोणाच्या मनात येत नसे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी शरीररचनाच पुरेशी बोलकी आहे. ज्या ऊतीला स्वतःचे रक्त नाही, जी एकदा मेली की जशीच्या तशी पुन्हा उगवत नाही, ती धरून ओढण्यासाठी निवडणे हे अज्ञानाचेच लक्षण म्हटले पाहिजे. कानशिलात मारलेल्या चपराकीचा धोका आणखी आत जातो. कानाच्या पडद्याचे तीन थर असतात व मधला थर संयोजी तंतूंचा असतो. हवेचा दाब एकाएकी वाढला की तो फाटू शकतो. लहान भोक बहुधा आपोआप भरून येते, तथापि प्रत्येक वेळी नाही. आणि ज्या मुलाला कमी ऐकू येऊ लागले आहे त्याला आपण पुन्हा लक्ष देत नाही म्हणून रागावतो. खेळताना कानावर मार बसून कान फुगला, मऊ व निळसर झाला, तर शेकत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

कास्थी, कंडरा, त्वचा व हाड या सर्वांत समान असलेला दुवा म्हणजे कोलॅजन. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा या एकट्या प्रथिनाचा असतो. त्याच्या रेणूची रचना उलगडण्याचे काम भारतात झाले, हे मुलांना अवश्य सांगावे. मद्रास विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक गो. ना. रामचंद्रन (१९२२–२००१) यांनी आपले सहकारी गोपीनाथ कर्था यांच्यासह १९५४ साली असे दाखवले की हा रेणू तीन पदरांचा आहे. त्यासाठी त्यांनी क्ष-किरणांनी तपासलेला नमुना कांगारूच्या शेपटीतील कंडरेचा होता व तो मद्रासच्याच चर्म संशोधन संस्थेतून मिळाला होता. पुढच्या वर्षी त्यांनी या रचनेत सुधारणा करून तीन पदर एकमेकांभोवती कसे वळलेले आहेत हे मांडले.

दोर वळणाऱ्या माणसाचे काम ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना लगेच कळेल. दोर वळताना प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ देतात आणि तीन पदर एकत्र करताना उलट दिशेने वळतात, म्हणजे दोर आपोआप उकलत नाही. कोलॅजनच्या रेणूतही प्रत्येक पदराचा पीळ डावा व तिहींचा मिळून पीळ उजवा आहे. तीन पदर इतके जवळ येण्यासाठी आतल्या बाजूस जागा फार थोडी असते. म्हणून प्रत्येक पदरात दर तिसऱ्या ठिकाणी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच बसते. शक्य असल्यास सुंभाचा किंवा अंबाडीचा तिपदरी दोर वर्गात आणून उकलून दाखवावा. गावातील कोणी वृद्ध गृहस्थ दोर वळीत असतील तर त्यांनाच वर्गात बोलवावे; अशा दिवशी पाठ लांबला तर हरकत नाही.

या दोराचा पीळ पक्का बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर पेशी पदर तयार करतात, पण ते नीट गुंफले जात नाहीत. स्कर्व्ही या रोगात हिरड्या सुजून रक्त येते, दात हलतात, त्वचेखाली रक्त साकळते, त्याचे कारण हेच. १७४७ साली इंग्रज आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी सॅलिसबरी या जहाजावरील बारा रुग्ण निवडले, त्यांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. संत्री व लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत स्पष्टपणे सुधारली. परंतु याच रोगासंबंधीची, त्याहूनही विचार करायला लावणारी एक हकिकत १७४० साली निघालेल्या जॉर्ज ॲन्सन यांच्या सागरी मोहिमेच्या वृत्तांतात आहे. जहाजावरील एका वृद्ध माणसाला १६९० च्या बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. त्या भरून पन्नास वर्षे लोटली होती. स्कर्व्ही जडल्यावर त्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या आणि त्याचे पूर्वी मोडून सांधलेले हाडही सुटले.

यावरून काय निष्पन्न होते, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. भरलेला व्रण कायमचा भरलेला नसतो. तेथील कोलॅजन सतत काढले जाते व सतत नवे घातले जाते. नवे घालणे थांबले की पन्नास वर्षांपूर्वीचे सांधकामही उसवते. ॲन्सन यांच्या जहाजावर जे घडले ते आपल्या वर्गात घडणार नाही हे खरे. तथापि ज्या मुलाच्या जखमा चिघळत राहतात, हिरड्यांतून रक्त येते, त्याच्या ताटाची चौकशी करावी. आवळा हा क जीवनसत्त्वाचा आपल्या परिसरातील उत्तम साठा आहे. पेरू, लिंबू व शेवग्याचा पाला यांतही ते भरपूर असते. कोरड्या मटकीत वा मुगात ते नाममात्र असते, पण मोड आले की वाढते. शिजवण्यात त्याचा बराच नाश होतो. शाळेतील पोषण आहाराच्या दिवशी उसळ शिजवण्यापूर्वी मोड आलेल्या, स्वच्छ धुतलेल्या मुगाची एक मूठ बाजूला काढून त्यावर लिंबू पिळून वाटली, तर वेगळा खर्च फारसा येत नाही.

कंडरा आणि अस्थिबंध यांतील फरक शिकवताना भाषेचा गोंधळ आड येतो. बोलीत 'शीर' हा शब्द रक्तवाहिनी, चेतातंतू आणि कंडरा या तिहींना लावतात. 'शीर आखडली' म्हणणाऱ्याला यांपैकी काय अभिप्रेत आहे ते त्यालाही सांगता येणार नाही. 'स्नायू' या शब्दाचा इतिहास तर मौजेचा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्नायूंची संख्या नऊशे सांगितली आहे, पण तेथे त्या शब्दाचा अर्थ सांधे बांधून ठेवणारी बंधने असा आहे. फळ्यांची नाव अनेक बंधनांनी बांधलेली असली म्हणजे पाण्यात माणसांचा भार वाहते, त्याप्रमाणे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार वाहतो, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. आज मराठीत आपण स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस असे समजतो. हिंदीत त्यालाच मांसपेशी म्हणतात आणि मराठीत पेशी म्हणजे जीवाचा सूक्ष्म घटक. सीमाभागातील किंवा हिंदी पुस्तके वाचणाऱ्या मुलांना हा भेद समजावून द्यावा, नाही तर गुणपत्रिकेत त्यांचा विनाकारण तोटा होतो.

कंडरा स्नायूला हाडाशी जोडते. अस्थिबंध हाडाला हाडाशी जोडतो. टाचेच्या मागची कंडरा चिमटीत धरून मुलांनी पाऊल वर-खाली करावे. ती ताणलेली व सैल झालेली हाताला समजते. शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा तीच. मनगटाच्या आतील बाजूस मूठ घट्ट आवळून हात किंचित आत वळवला की बहुतेकांना दोन-तीन दोऱ्या उठून दिसतात. कंडरेत तंतू एकाच दिशेने लावलेले असतात, कारण तिला एकाच दिशेचा ताण सोसावयाचा असतो. अस्थिबंधाचे तंतूही बव्हंशी असेच, परंतु सांध्याला हालचाल हवी म्हणून त्यांत थोडी अधिक लवचीकता असते.

घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला किंवा काही अंशी फाटलेला असतो. या ऊतीत रक्तपुरवठा आहे, पण तुटपुंजा. म्हणून ती सांधते, परंतु आठवडे घेते. येथे आपल्याकडची चोळण्याची घाई नुकसान करते. तंतू फाटून आतल्या आत रक्त पाझरत असताना तेल लावून रगडले तर फाटलेले आणखी फाटते व सूज वाढते. पहिले दोन दिवस पाय उंच ठेवावा, भार देऊ नये, थंड पाण्याच्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात. आंबेहळदीचा लेप कोणी आग्रहाने लावला तर तो लावू द्यावा, त्याने बिघडत नाही. रगडू मात्र देऊ नये. मूल चार पावलेही टाकू शकत नसेल किंवा घोट्याचे हाड दाबले असता नेमक्या जागी दुखत असेल, तर नुसती मुरगळ आहे असे गृहीत धरू नये.

असे का म्हणावयाचे, ते हाडाची माहिती घेतल्यावर स्पष्ट होईल. हाडाच्या आधारकात सुमारे एक-तृतीयांश भाग मुख्यतः कोलॅजनचा व दोन-तृतीयांश भाग चुना व स्फुरद यांच्या क्षारांचा असतो. याचा प्रयोग ज्या गावी आक्षेप नसेल तेथे करून दाखवावा. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्यावीत. एक व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलावे. आठवड्याभरात क्षार विरघळून हाड रबरासारखे वाकू लागते. दुसरे हाड शिक्षकाने स्वतः, वर्गाबाहेर, निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत जाळावे. त्याचा आकार कायम राहतो, पण कोलॅजन जळून गेल्यामुळे बोटाने दाबताच चुरा होतो. पहिल्यात कूड उरला आणि माती गेली. दुसऱ्यात माती उरली, कूड गेला. अंड्याचे टरफल व्हिनेगरमध्ये टाकण्याचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी याऐवजी करतात. तो सोपा आहे, परंतु टरफलातील क्षार निराळा आणि त्यात कोलॅजनचा हा सांगाडा नाही, म्हणून त्याने प्रस्तुत मुद्दा अर्धाच सिद्ध होतो.

प्रौढाच्या शरीरात २०६ हाडे असतात. नवजात बालकात ही संख्या अधिक असते, कारण पुढे जुळून एक होणारे भाग तेव्हा सुटे असतात. लहान मुलांच्या हाडांत लवचीकपणा अधिक असल्यामुळे ती पुष्कळदा ओल्या फांदीप्रमाणे एका बाजूने चिरतात व दुसऱ्या बाजूने नुसती वाकतात. हाडात भरपूर रक्तवाहिन्या असल्याने ते उत्तम सांधते. मोडल्या जागी प्रथम रक्ताची गुठळी, मग तंतू व कास्थीचा मऊ सांधा, मग हाडाचा कठीण सांधा असे क्रमाने तयार होते, आणि पुढे कित्येक महिने पेशी त्याला तासून मूळ आकार देत राहतात. मुलाच्या हाताचे हाड बहुधा चार ते सहा आठवड्यांत धरते. प्रौढाच्या नडगीला तीन महिने व त्याहूनही अधिक लागतात.

मात्र वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कास्थीची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी वाढते ती येथेच. मुलींत साधारणतः चौदा-पंधराव्या व मुलांत सोळा-सतराव्या वर्षाच्या सुमारास ती हाडात रूपांतरित होऊन वाढ थांबते. काहींत हे थोडे मागेपुढे होते. ही चकती अस्थिबंधापेक्षा नाजूक असते. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा नुसता घोटा मुरगळेल, त्याच झटक्याने मुलाची ही चकती निखळू शकते, आणि तिच्यावर उपचार न झाल्यास तो पाय किंवा हात दुसऱ्यापेक्षा आखूड अथवा वाकडा वाढण्याचा संभव असतो. वर मुरगळ गृहीत धरू नये म्हटले, ते यासाठी.

पसरलेल्या हातावर पडून कोपराच्या वर हाड मोडणे हा पाच ते आठ वर्षांच्या मुलांत नित्य आढळणारा प्रकार आहे. अशा वेळी पालक गावातील हाड बसवणाऱ्याकडे धाव घेतात. त्यांतील काहींचा हात कसलेला असतो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कामट्या लावून करकचून बांधण्याची रीत या एका जागी भयंकर ठरते. सूज वाढत जाते, बांधणे सैल होत नाही, आणि आतील स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडतो. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे मरू लागतात. मग त्यांच्या जागी आकसणारी तंतुमय ऊती वाढते आणि बोटे पंजासारखी आत वळून जन्मभर तशीच राहतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले, आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. चोळण्याचा परिणामही येथे वाईट होतो. कोपराभोवतालच्या स्नायूंत नको तेथे हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडतो.

तेव्हा शिक्षकाने करावयाचे ते एवढेच. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवावा, कोपर सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. कापूस किंवा मऊ कापड आत घालून पुठ्ठ्याचा अथवा घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार द्यावा, तो सैल पट्ट्यांनी बांधावा आणि बोटे उघडी ठेवावीत. दंड-कडे, बांगड्या, मनगटावरील गंडा सूज येण्यापूर्वी काढावा. वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी त्या हाताचे नख दाबून सोडावे. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. रंग परतत नसेल, बोटे गार वा निळसर पडली असतील, मुंग्या येत असतील, किंवा बोटे सरळ करताना मूल किंचाळत असेल, तर पट्टी तत्काळ सोडावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न थांबता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाकडे जावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. मुलाबरोबर जाणाऱ्या व्यक्तीजवळ एक चिठ्ठी द्यावी, तीत मूल किती वाजता पडले, कोणी बांधले आणि बोटांचा रंग शेवटी केव्हा पाहिला, एवढे लिहावे.